चौथ्या कवितेचा ठेका

अक्का, स्टीलच्या रिकाम्या पेल्यावर नख वाजले की तू येतेस. भरलेल्या पेल्याचा आवाज वेगळा असतो. दबका, पोटातल्या पोटात बोलणाऱ्या माणसासारखा. कॉफी निम्म्यावर आली की तो थोडा मोकळा होतो, आणि तळाशी नुसता फेस उरला की मग खरा सूर लागतो: उंच, स्वच्छ, कडेकडेने थरथरत जाणारा. त्या सुराची तू वाट बघायचीस. शेवटचा घोट घेऊन पेला पदराने पुसायचीस, टेबलाच्या लाकडावर ठेवायचीस, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे नख त्याच्या काठाला टेकवायचीस. तेवढे एकच नख तू वाढवलेले होतेस; बाकीची बारीक कापलेली. "लोटा रिकामा झाल्याशिवाय कविता सुरू करू नये," हा तुझा नियम. मी त्याला पेला म्हणायचे आणि तू इथल्या रीतीने लोटा. इतक्या वर्षांत आपल्यापैकी कुणीही माघार घेतली नाही.

तू गेलीस त्याला अजून पंधरवडाही झालेला नाही. तुझे वय, तुझी नोकरी, मागे कोण कोण राहिले, हे सारे वर्तमानपत्राच्या एका छोट्या चौकटीत येऊन गेले. त्यातला फोटो तुझ्यासारखा दिसत नव्हता, कारण त्यात तुझे तोंड मिटलेले होते. तू कविता करायचीस, हे त्या चौकटीत नव्हते. कुणाला ठाऊक असणार? तुझी एकही ओळ कुठे छापलेली नाही. लिहिलेलीही नाही. आणि आज मी हे जे लिहिते आहे, त्यातही तुझी एकही ओळ येणार नाही. मी शब्द दिला आहे. तो आता पाळायचा की मोडायचा, हे ज्या एका व्यक्तीला विचारता आले असते ती तू होतीस.

आपली ओळख चिकपेटमधल्या कापडाच्या दुकानात झाली. मी बेळगावहून बदली होऊन नुकतीच बेंगळुरूला आले होते, येलहंक्याला बिऱ्हाड केले होते, आणि शहराच्या त्या टोकावरून या गर्दीत अस्तराचे कापड घ्यायला उतरले होते. दुकानदार माळ्यावरून गठ्ठे काढत होता. मी वाट बघत उभी होते आणि सकाळपासून डोक्यात घोळणारी एक ओळ ओठांतल्या ओठांत पुन्हापुन्हा म्हणत होते. शेजारी एक बाई काउंटरच्या काचेवर नखाने काहीतरी वाजवत होती. मला वाटले, कंटाळली असेल.

"ओळ लंगडतीये ग," माझ्याकडे न बघता तू म्हणालीस.

"काय?"

"शेवटाला येऊन लंगडते. म्हण बघू परत. कुणाची आहे?"

"माझीच."

"मग बरं आहे. दुसऱ्याची असती तर दुरुस्त करता आली नसती."

दुकानदार गठ्ठा उलगडून विचारू लागला, "अक्का, हा रंग सरी आहे का? बरोबर आहे ना?" तू त्याच्याकडे हात करून त्याला थांबवलेस. "स्वल्प थांबा हो. इथं मोठं काम चाललंय." आपण दोघी दुकानाबाहेर पडलो तेव्हा ओळ सरळ चालू लागली होती, आणि अस्तर घ्यायचे राहून गेले होते.

तुझी मराठी मला आधी कानाला खडबडीत वाटली, मग हळूहळू तिची चव लागली. तुमचे घराणे कधी काळी फौजेच्या मागून इकडे आले आणि इथलेच झाले. "आमची मराठी लांबून चालत आली ग," तू सांगायचीस, "वाटेत जे जे भेटलं ते पदरात घेत आली." शाळा कन्नड, कचेरी इंग्रजी, मराठी फक्त स्वयंपाकघरात, झोपाळ्यावर, भांडणात. ती तुझ्या तोंडात होती, हातात कधी उतरलीच नाही. आणि तरुणपणी तुला काम मिळाले तेही तोंडाचेच: टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्याचे. दोन्ही हातांत वायरी, कानांत परक्यांचे आवाज, आणि एका कॉलपासून दुसऱ्या कॉलपर्यंतच्या फटीत कविता. "पेन घ्यायचं तर वायर सोडावी लागायची. आणि वायर सोडली की कुणाची तरी आई, कुणाचा तरी जावई मधेच तुटायचा. मग काय करू? ओळ तोंडात धरून ठेवायची, बोर्डाच्या पत्र्यावर नखानं मोजायची." पुढे वायरी गेल्या, बोर्ड गेले, नोकरी संपली, हात मोकळे झाले. सवय मात्र मोकळी झाली नाही. मी वही आणून दिली तर तू तिच्यावर भाजीचे टोपले ठेवलेस. "कागदावर ठेवलं की मी विसरून जाईन. ठेवलेल्या वस्तू मला कधी सापडतात का?"

कितीतरी कविता अशा तुझ्या तोंडातून आल्या आणि हवेत गेल्या. मला हळहळ वाटायची, तुला नाही. "ज्या थांबल्या त्या माझ्या," म्हणायचीस, आणि चटणीला फोडणी द्यायला उठायचीस.

मग सत्तरी ओलांडल्यावर, एका शनिवारी, पेला पुसता पुसता तू जाहीर केलेस की आता चार कविता करायच्या आहेत. एक प्रेमाची, एक हावेची, एक म्हातारपणाची आणि एक देवाची. चारी एकमेकींना लागून, मोठ्या. मी हसले. खोटे कशाला बोलू, मला ते गोड वाटले, आणि तुला माझे हसणे गोड वाटले नाही.

"का ग? मोठं काही करायची इच्छा काय तरुणांनीच धरायची? गुडघे गेलेत माझे. हाव नाही गेली."

पहिल्या तीन झाल्या. त्या कशाविषयी आहेत एवढे सांगितले तर चालेल ना? ओळ सांगत नाही, फक्त त्यांचे घर दाखवते. पहिलीत वीज गेलेली आहे. अंधारात दोन माणसे बसलेली आहेत, मेणबत्ती कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक आहे, आणि कुणीच उठत नाही. दुसरीत तुझ्या मागल्या अंगणातले नारळाचे झाड आहे. शेजारच्या इमारतीला गाठायचे म्हणून ते वाढत जाते, पुष्कळ वर गेल्यावर त्याला कळते की खालून कुणी बघतच नाही, आणि हे कळल्यावरही ते वाढत राहते. तिसरीत दमट हवेने फुगलेले एक दार आहे. ते चौकटीला घासते, अडते, आणि घरातली माणसे कुरकुर न करता त्याला खांद्याने रेटायला शिकतात. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा पदर डोळ्यांना लावला. तू विचारलेस, "का ग, लंगडली कुठं?" मी मान हलवली. "मग रडतेस कशाला? दारच आहे ते."

लिहून घेऊ दे, म्हणून मी तुझ्या मागे लागले होते. कधी लाडीगोडीने, कधी चिडून. शेवटी तूच तोडगा काढलास. "चौथी झाली की चारी कागदावर घे. तूच लिही, तुझं अक्षर सुरेख आहे. पण तोवर एकही नाही. शब्द दे. तीन पायांचं टेबल कुणाच्या घरात ठेवशील तू?"

मी शब्द दिला.

त्यानंतरच्या दुपारी आठवतात? शहराच्या उत्तर टोकाला मी, दक्षिणेला जे. पी. नगरात तू, आणि मध्ये अवघे बेंगळुरू हॉर्न वाजवत अडकून पडलेले. शनिवारखेरीज भेट होत नसे. बाकीचे दिवस फोन. तुझ्या फोनला हॅलो नसायचे, कशी आहेस नसायचे. मी उचलला की पलीकडून एकच शब्द यायचा: "म्हण." मग मी पहिली म्हणायचे, किंवा तू सांगशील ती. माझ्याकडे येलहंक्याला दुपारी हवाई दलाच्या विमानांचा सराव चाले. आभाळ फाडत एखादे डोक्यावरून गेले की कडव्याच्या मध्येच काही ऐकू येईनासे होई. "जाऊ दे त्याला आधी," तू म्हणायचीस, "त्याला घाई आहे." तो आवाज विरेपर्यंत आपण दोघी दोन टोकांना गप्प बसायचो. त्या गप्प बसण्यात इतके काही होते की पुढची ओळ कधीकधी नकोशी वाटे.

मी अडखळले तर तू शब्द सांगत नसायचीस. फोनजवळ पेला धरून नुसता ठेका द्यायचीस, आणि ओळखीच्या जिन्याची पायरी जशी न बघता पायाला सापडते तसा तो शब्द मला सापडायचा. एवढे वर्ग केले, एवढी पुस्तके वाचली. कान मात्र तू दिलास. रिक्षाच्या इंजिनाची थरथर, फुलवालीची हाक, शेजारच्या कुकरची शिटी, पावलांवरून ओळखू येणारी माणसे: हे शहर मला तुझ्यामुळे ऐकू आले. हे मी तुला कधी सांगितले नाही. तू म्हणाली असतीस, "सरी, सरी. आता दुसरी म्हण."

आणि त्या सगळ्या शनिवारी तिथेच बसलेले अण्णा. तुझे यजमान, कारखान्यात यंत्रांच्या गडगडाटात आयुष्य काढून दोन्ही कान गमावलेले. कॉफी होईपर्यंत ते आपल्यात असायचे, भाजीच्या भावापासून माझ्या बसच्या प्रवासापर्यंत सगळ्याची चौकशी करायचे. पेला रिकामा झाला की कानांतली यंत्रे काढून डबीत ठेवायचे आणि झाकण टक्‌दिशी लावायचे. "चालू द्या. मी स्टेशन बंद केलं." उठून मात्र जायचे नाहीत. टेबलाशीच, वर्तमानपत्र पसरून, त्यावर पालथा हात ठेवून वाचत बसायचे. मी तुला एकदा विचारले होते, पहिली कविता त्यांना ऐकवलीस का? तू अशी दचकलीस, जणू मी तुझे कपाट उघडले.

"अय्यो, आता? एवढ्या वर्षांनी असं काही सांगायला गेले तर घाबरतील ते. डॉक्टरकडे नेतील मला."

अण्णांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. आपण दोघी हसलो. त्यांना काही ऐकू आले नव्हते.

चौथीवरून मात्र आपले हसणे थांबायचे. माझी आई गेली तेव्हापासून मी देवापुढे दिवा लावणे सोडले होते. ठरवून नव्हे, एका संध्याकाळी राहिला, दुसऱ्या संध्याकाळी लावावासा वाटला नाही. तू रोज लावायचीस, आणि रोज म्हणायचीस की पलीकडे कुणी आहे याची खात्री तुलाही नाही. याचा मला राग यायचा. एक तर माना किंवा मानू नका. हे काय, खात्रीही नाही आणि फुलांची पुडीही चुकत नाही?

"मी ऑपरेटर होते ग," तू शांतपणे सांगितलेस. "पलीकडं कुणी आहे की नाही हे लाइन लावण्याआधी मला कधीच कळायचं नाही. घंटा द्यायची आणि थांबायचं. उचललं नाही म्हणजे घर रिकामं आहे असं होत नाही."

"पण अक्का, तुझ्याकडे कुणीतरी कॉल बुक केलेला असायचा. इथं कुणी केलाय?"

तू पेला फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, "हा चांगला प्रश्न आहे. हा चौथीत घालते."

मी त्या कवितेची वाट तुझ्यासाठी बघत नव्हते, अक्का. माझ्यासाठी बघत होते. आई गेल्यापासून माझ्यात जी एक घंटा नुसती वाजत राहिली आहे, तिचे काय करायचे हे मला कुणी सांगितले नव्हते. प्रवचनांनी नाही, पुस्तकांनी नाही. तू सांगशील असे वाटत होते. शेवटच्या शनिवारी मी निघताना तू फाटकाशी आलीस, हाताला हात लावून म्हणालीस, "सापडला. चौथीचा ठेका सापडला. शब्द येतायत मागनं, निघालेत." तुझ्या हाताला कढीपत्त्याचा वास होता. तुझे डोळे लग्नाच्या मुलीसारखे चमकत होते. आणि तुला खोकला येत होता, त्याकडे आपण दोघींनीही लक्ष दिले नाही.

पुढच्या शनिवारी तू इस्पितळात होतीस. घशात नळी. श्वास यंत्राचा, छाती तुझी. तुला शुद्ध होती, हे सर्वांत वाईट. तू सगळे बघत होतीस, समजत होतीस, आणि ज्या तोंडात तुझी सारी मालमत्ता होती तेच बंद केलेले होते. मला थोडा वेळ आत सोडले. नर्स हळुवार होती. तिने तुझ्या हाताशी एक पॅड ठेवला, पेन ठेवले, आणि कन्नडमधून म्हणाली, "अम्मा, काय हवं ते लिहून दाखवा."

तू पेनाकडे बघितलेसही नाही.

मी पॅड उचलला. मी तो तुझ्यापुढे धरला. "अक्का," मी म्हणाले, "चौथी झाली? लिही. एकदाच लिही. एवढ्यापुरता नियम नाही." तू माझ्याकडे पाहिलेस. ती नजर मला ठाऊक होती. वहीवर टोपले ठेवणारी. मी पेन तुझ्या बोटांत दिले, तू ते सोडून दिलेस. ते पलंगाखाली गेले. मी वाकून शोधत होते, तेवढ्यात वर टक्‌ असा आवाज झाला.

तू मधल्या बोटाला लावलेला, प्राणवायू मोजणारा चिमटा काढून टाकला होतास. डोक्याशी असलेले यंत्र ओरडू लागले. आणि त्या ओरडण्याखाली, पलंगाच्या स्टीलच्या दांडीवर, तुझे नख वाजत होते.

नर्स धावत आली. "अम्मा, काढू नका ते!" तिने चिमटा परत लावला. तू परत काढलास. तिने माझ्याकडे पाहिले; तिला वाटले, तुला काही दुखते आहे. "काय सांगतायत त्या?" तिने विचारले. मी म्हणाले, "कविता." मग तिने चिमटा तुझ्या दुसऱ्या हाताला लावला, यंत्र गप्प केले, आणि पडद्यापलीकडे जाऊन उभी राहिली.

तू सगळी वाजवलीस. पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत. कडव्यांमधली विश्रांतीसुद्धा तू ठेवलीस. बोट उचलून थांबायचीस, आणि यंत्राने तुझ्यासाठी एक श्वास घेतला की पुढे निघायचीस. आधी कधीच न ऐकलेली चाल होती ती. पहिल्या तिघींपेक्षा संथ. शेवटी दोन लांब टोले. मग तू बोट दांडीवर तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलेस आणि भुवया उचलल्यास. तुझ्या तोंडात नळी होती, तरी मला शब्द ऐकू आला. फोनवर रोज दुपारी ऐकू यायचा तोच.

मी काय म्हणणार होते? मी दांडीवर माझे बोट ठेवले आणि जे ऐकले ते तसेच वाजवून दाखवले. एका जागी चुकले. तू हळूच त्या जागी वाजवून दुरुस्त केलेस. मग डोळे मिटलेस. आपली शेवटची भेट ही.

त्या दिवशी बसमध्ये मी रडले नाही. मला तुझा राग आला होता. हातात पेन होते, समोर कागद होता, शुद्ध होती. दोन शब्द लिहिले असतेस तर काय बिघडले असते? कुठली वायर सुटली असती? राग अजून गेलेला नाही. फक्त त्याला आता बसायला जागा मिळत नाही. कधी वाटते, शब्द आलेलेच नव्हते, तू मला एवढेच देऊ शकत होतीस. कधी वाटते, सगळे शब्द आले होते, मी ते ओळखीन असे तुला वाटले आणि मी कमी पडले. यातले खरे कोणते, हे मला मरेपर्यंत कळणार नाही.

वीणा परदेशातून तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचली. तुझी मुलगी तुझ्यासारखीच आहे, फक्त तिला गप्प बसता येत नाही. परवा तिने मला बाजूला घेतले.

"मावशी, तेराव्याला मला आईच्या कवितांचं छोटंसं बुकलेट द्यायचंय सगळ्यांना. तुझ्याकडे फाइल असेल ना?"

"फाइल नाही."

"मग हातानं लिहिलेलं? मी टाइप करून घेते."

"तेही नाही ग."

"रेकॉर्डिंग?"

"तिनं कधी करू दिलं नाही."

"मग आहेत कुठे त्या?"

"मला पाठ आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. एखाद्या बँकेचे कुलूप उघडावे आणि आत चिमणी बसलेली असावी तसे. "मावशी, प्लीज, आजच लिहून काढ. तुला काही झालं तर—" आणि तिने जीभ चावली. तिचे चुकले नव्हते. मीही साठीला टेकले आहे. गेल्या आठवड्यात तिसऱ्या कवितेतला एक शब्द माझ्यातून एक अख्खी सकाळ नाहीसा झाला होता. कांदा परतताना तो परत आला, पण कढईसमोर मी किती घाबरून उभी होते ते तुला सांगता येणार नाही. ठेका द्यायला पलीकडे कुणी नव्हते. लिहिले तर दिलेला शब्द मोडतो. नाही लिहिले तर एक एक करून तिघीही जातील, दाराची कवितासुद्धा, नारळाचीसुद्धा, आणि मग अंधारातल्या त्या दोघांना कधीच कुणी पाहणार नाही. वीणाला मी म्हणाले, "बघते." हा शब्द किती भित्रा आहे.

आणि एक सांगते. मी चौथीचा ठेका भरून बघितला. सकाळच्या उन्हात, गॅलरीत बसून. शब्द भराभर आले; माझ्याकडे शब्दांना तोटा कधी नव्हता. शेवटच्या दोन लांब टोल्यांपाशी येऊन थांबले. तिथे 'आहे' बसतो, अक्का. अगदी बरोबर बसतो. आणि 'नाही'सुद्धा तितकाच बरोबर बसतो. मी दोन्ही म्हणून बघितले. दोन्हीकडे ओळ सरळ चालली, कुठेच लंगडली नाही. मग मी सगळे पुसून टाकले, म्हणजे मनातून काढून टाकले, आणि आत जाऊन किती महिन्यांनी देवापुढचा दिवा हातात घेतला. वात नव्हती. पुन्हा जागेवर ठेवला.

काल दुपारी तुझ्या घरी गेले. वीणा तेराव्याचे सामान आणायला बाहेर पडली होती. तुला जिथे ठेवले होते तिथे दिवा तेवत होता. अण्णा त्याच्याजवळून उठले, वात सारखी केली आणि मला काही न विचारता स्वयंपाकघरात गेले. त्यांनी कॉफी केली. पातळ होती, साखर फार होती. तुझ्या पेल्यात त्यांनी ती मला दिली, चुकून की मुद्दाम, ते मला कळले नाही. आम्ही टेबलाशी बसलो. कानांची डबी बंद, टेबलावर. वर्तमानपत्र पसरलेले, आदल्या दिवशीचेच. त्यांचा पालथा हात त्यावर.

मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू गेले नसते. कॉफी संपली. मी पेला पदराने पुसला, लाकडावर ठेवला, आणि मग माझ्या लक्षात आले की मी हे करते आहे. माझी नखे तुझ्यासारखी नाहीत. आवाज बोथट आला. तरी मी थांबले नाही. पहिल्या ठोक्यापासून, कडव्यांमधल्या विश्रांतीसकट. मध्येच अण्णांनी वर्तमानपत्र सरकवले आणि हाताचा तळवा उघड्या लाकडावर टेकवला. मी शेवटच्या दोन लांब टोल्यांपर्यंत आले. पेला थरथरत थांबला.

"ही नवीन आहे," अण्णा म्हणाले. ऐकू न येणारी माणसे बोलतात तसे, जरा मोठ्याने.

इतक्या वर्षांचे शनिवार माझ्यासमोर एकदम उभे राहिले. ते पसरलेले वर्तमानपत्र, तो पालथा हात, आणि पहिली कविता, अंधारातली, जी तू त्यांना कधीच ऐकवली नाहीस.

"बाकीच्या तीन ठेक्यानं ओळखतो मी," ते म्हणाले. "ही नव्हती."

त्यांनी डबी ओढली, झाकण उघडले. यंत्र एका कानात बसवले, मग दुसऱ्या. बारीक शीळ आली आणि निवली. मग ते खुर्ची पुढे ओढून बसले, दिव्याकडे एकदा बघितले, माझ्याकडे बघितले, आणि तुझ्यासारख्याच भुवया उचलून म्हणाले,

"म्हण."